आयातशुल्क आणि अर्धवट लेबल: किराण्याच्या बिलात नेमकं काय घडतं

एखाद्या देशाच्या मालावर २५ टक्के आयातशुल्क लागल्याची बातमी आली की लगेच कुणीतरी म्हणतं, आता त्या देशाला चांगलाच भुर्दंड पडणार. पण त्या देशाचं सरकार यात एक पैही भरत नाही. शुल्क भरतो माल मागवणारा आयातदार, आणि तो ते भरतो स्वतःच्याच देशाच्या तिजोरीत, माल बंदरातून सोडवून घेताना. पुढे तो खर्च घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, तिथून दुकानदाराकडे आणि शेवटी आपल्या पिशवीत येतो. वाटेत कोण किती सोसतो यावर आपल्या वाट्याला किती येणार ते ठरतं.

हिशेब करून पाहिला की गोष्ट स्पष्ट होते. दुकानात १०० ला मिळणारी एखादी वस्तू बंदरात उतरते तेव्हा तिची किंमत ४० असते असं धरू. उरलेले ६० म्हणजे देशातली वाहतूक, गोदाम, नासधूस, दुकानाचं भाडं, पगार आणि नफा. शुल्क आकारलं जातं ते या ४० वर, १०० वर नाही. ४० चे २५ टक्के म्हणजे १०. हे दहाच्या दहा ग्राहकावर टाकले, तर वस्तू ११० ला मिळेल, म्हणजे वाढ १० टक्क्यांची. आयातदाराने निम्मा भार स्वतः उचलला तर १०५. उलट, साखळीतला प्रत्येक जण आपल्या खरेदीवर ठरावीक टक्के चढवत असेल, तर शुल्कावरही नफा चढतो आणि किंमत ११० च्या पुढे जाते. म्हणून "२५ टक्के शुल्क म्हणजे २५ टक्के भाववाढ" हे समीकरण सहसा खरं ठरत नाही, आणि "आमच्या खिशाला काहीच चाट बसणार नाही" हे आश्वासन तर त्याहून कमी वेळा.

बंदरातल्या मूल्यात काय काय धरायचं, हेही सगळीकडे सारखं नाही. बहुतेक देश मालाच्या किमतीत विमा आणि जहाजाचं भाडं मिळवून त्या बेरजेवर शुल्क घेतात. अमेरिका विमा आणि भाडं वगळते. शुल्काचा दर ठरतो तो मालाच्या सांकेतिक क्रमांकावरून. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही सहा आकडी पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि आज जवळजवळ साऱ्या जगाचा व्यापार तिच्यावर चालतो. कोणती वस्तू कोणत्या क्रमांकाखाली बसवायची यावरून होणारे वाद मात्र तिच्याही आधीचे आहेत. १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोमॅटो ही शुल्कापुरती भाजी आहे असा निकाल दिला, कारण त्या वेळी भाज्यांवर शुल्क होतं आणि फळांवर नव्हतं.

सगळी शुल्कं टक्क्यांत नसतात. काही वजनावर असतात, आणि ती स्वस्त मालाला जास्त झोंबतात. युरोपीय संघ केळ्यांवर टनामागे ठरावीक युरो घेतो. लॅटिन अमेरिकी देशांशी वर्षानुवर्षं चाललेल्या भांडणानंतर २००९ च्या जिनिव्हा करारात हा दर १७६ युरोंवरून टप्प्याटप्प्याने ११४ वर आणायचं ठरलं. टनाला ११४ म्हणजे किलोला साधारण ११ सेंट. महागड्या केळ्यावर ११ सेंट जाणवतही नाहीत, पण सगळ्यात स्वस्त केळ्याच्या किमतीत त्यांचा वाटा मोठा होतो. गरीब घर नेमकं तेच स्वस्त केळं उचलतं. कमी कमाईच्या घरात खर्चाचा जास्त हिस्सा अन्नावर जातो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडलं होतं. अन्नावरच्या शुल्काबद्दल बोलताना ही बाब नजरेआड करणं मला अन्यायाचं वाटतं.

काही दर तर महसुलासाठी नसतातच. कॅनडात ठरलेल्या कोट्यापलीकडे आलेल्या लोण्यावर २९८.५ टक्के आणि चीजवर २४५.५ टक्के शुल्क आहे. एवढं भरून कोणी माल आणत नाही, आणला जाऊ नये हाच हेतू असतो. आपल्या दूध उत्पादकाला जगवण्यासाठी एखाद्या देशाने असं ठरवलं तर ते धोरण म्हणून मी समजू शकतो. त्याची किंमत कोण देतं हे उघडपणे सांगितलेलं असावं, एवढंच.

कॉफीचं तसं नाही. अमेरिकेत हवाई आणि प्वेर्तो रिकोतलं थोडंसं पीक सोडलं, तर सगळी कॉफी बाहेरून येते. तरी एप्रिल २०२५ पासून तिच्यावर किमान १० टक्के शुल्क लागलं, आणि ऑगस्टमध्ये ब्राझीलच्या मालावर आणखी ४० टक्के चढले. ब्राझील हा त्यांचा सर्वात मोठा पुरवठादार. संरक्षण द्यायला देशात कॉफीचा शेतकरीच जवळपास नसताना हे शुल्क संरक्षण कोणाचं करत होतं, या प्रश्नाला मला तरी उत्तर सापडलेलं नाही. दुष्काळाने जागतिक बाजारात कॉफी आधीच महागली होती, त्यामुळे सगळी भाववाढ शुल्काच्या माथी मारता येणार नाही. पण दुष्काळात तेरावा महिना ठरलं ते शुल्कच. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉफी, केळी, गोमांस अशा बऱ्याच पदार्थांवरची ही वाढीव शुल्कं त्यांना मागे घ्यावी लागली.

शुल्क मागे घेतलं म्हणून भाव दुसऱ्या दिवशी उतरत नाहीत. गोदामात पडलेला माल जुनं शुल्क भरून आलेला असतो आणि तो संपेपर्यंत दुकानदार जुनीच किंमत लावतो. चढताना मात्र भाव पुष्कळदा माल संपायची वाट पाहत नाहीत, कारण पुढची खेप महाग येणार हे ठाऊक असतं. ताज्या फळभाज्यांत दोन्ही बदल लवकर दिसतात, डबाबंद आणि गोठवलेल्या मालात उशिरा.

डबाबंद मालात आणखी एक गोम आहे. आतला टोमॅटो देशातला, कारखाना देशातला, तरी किंमत चढते, कारण डब्याचा पत्रा बाहेरून आलेला असतो. अमेरिकेने पोलादावर मार्च २०२५ मध्ये २५ टक्के आणि जूनमध्ये बहुतेक देशांसाठी ५० टक्के शुल्क केलं. तिथले डबे बनवणारे कारखाने या पातळ पत्र्यासाठी मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहेत. पोलादाच्या भांडणाचा हिशेब वाटाणे, सूप आणि टोमॅटोच्या डब्यांवर चुकता होतो, म्हणजे शब्दशः वड्याचं तेल वांग्यावर. डब्यावर "देशी" लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. शुल्क मात्र डब्यातून आत येतं.

ज्या वस्तूला शुल्काचा स्पर्शही झालेला नाही तीसुद्धा महागू शकते. याचं सर्वात चांगलं अभ्यासलेलं उदाहरण किराण्यातलं नाही, पण ते सांगायलाच हवं. २०१८ मध्ये अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या आणि शिकागो विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी नंतर किमती तपासल्या, तेव्हा वॉशिंग मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागलेली दिसली. कपडे सुकवणारे ड्रायरही जवळपास तेवढेच महागले होते, आणि ड्रायरवर शुल्क नव्हतं. दोन्ही वस्तू जोडीने विकल्या जातात, म्हणून वाढ दोन्हींवर वाटून टाकली गेली. देशी कंपन्यांनीही स्पर्धकाचा भाव चढलेला पाहून आपला चढवला. किराण्याच्या फळीवर हेच तत्त्व चालतं: शेजारचा आयात माल महागला की देशी मालाला भाव वाढवायला मोकळीक मिळते.

म्हणजे शुल्काचा परिणाम समजून घ्यायचा तर वस्तू कुठून आली हे कळायला हवं. आणि इथेच घोडं पेंड खातं.

"हे कुठलं आहे?" या साध्या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं असतात. एक सीमाशुल्क खात्याचं, दुसरं लेबलच्या कायद्याचं आणि तिसरं आपल्या मनातलं. आपल्या मनात असतं, पीक जिथे उगवलं तो देश. सीमाशुल्क खातं मात्र सर्वसाधारणपणे पाहतं की मालाचं स्वरूप बदलणारी शेवटची मोठी प्रक्रिया कुठे झाली. कॉफीच्या हिरव्या बिया भाजल्या की वस्तूचं स्वरूप बदललं असं अमेरिकी सीमाशुल्क खातं मानतं. त्यामुळे इथिओपियात पिकलेली आणि जर्मनीत भाजलेली कॉफी त्यांच्या लेखी जर्मनीची ठरते. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. जर्मनीत कॉफीचं झाड नसतं, एवढाच तपशील वगळला जातो.

लेबलच्या कायद्याचे नियम आणखी वेगळे. अमेरिकेत ताज्या आणि गोठवलेल्या फळभाज्यांवर किरकोळ दुकानांत मूळ देश लिहावा लागतो, पण प्रक्रिया केलेल्या पदार्थांना सूट आहे. मग प्रक्रिया म्हणजे काय? गोठवलेल्या वाटाण्याच्या पाकिटावर देश हवा. तेच वाटाणे गाजराच्या तुकड्यांत मिसळून एका पाकिटात भरले की हा नियम लागू होत नाही. कच्च्या शेंगदाण्यांवर देश हवा, भाजलेल्यांवर नको. शेतही तेच आणि पीकही तेच, फक्त माहिती गळून पडली.

गोमांसाची कथा तर अधिकच बोलकी आहे. गोमांस आणि डुकराच्या मांसावरही देश लिहिण्याची सक्ती अमेरिकेत होती. कॅनडा आणि मेक्सिको त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक देशाची जनावरं वेगळी ठेवायच्या खर्चामुळे कत्तलखाने आमची जनावरं घेणंच टाळतात. ते जिंकले, वर्षाला १ अब्ज डॉलरहून अधिक प्रतिशुल्क, म्हणजे बदल्यात लावलेलं शुल्क, लावायची मुभा त्यांना मिळाली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकी संसदेने या दोन्ही मांसांपुरता लेबलचा नियमच रद्द केला. त्यानंतर कितीतरी वर्षं परदेशात वाढवलेल्या आणि कापलेल्या जनावराचं मांस अमेरिकेत नुसतं पुन्हा पॅक करूनही "अमेरिकेचं उत्पादन" म्हणून विकता येत होतं. १ जानेवारी २०२६ पासून ते बंद झालं. आता हे शब्द ऐच्छिक आहेत, पण लिहायचे तर जनावराचा जन्म, वाढ, कत्तल आणि प्रक्रिया हे सगळं अमेरिकेत झालेलं असावं लागतं.

शुल्क आणि लेबल यांची गाठ सर्वात घट्ट बसते ती फसवणुकीत. शुल्क जितकं मोठं, तितका मूळ देश किंवा मालाची ओळख लपवण्यातला फायदा मोठा. युरोपीय संघात लसणावरचा एकूण भार काही खेपांवर २३२ टक्क्यांपर्यंत जायचा आणि सफरचंदांवर १० टक्क्यांच्या आसपास असायचा. आयर्लंडमधल्या एका आयातदाराने चिनी लसूण कागदोपत्री सफरचंद म्हणून दाखवला आणि सुमारे १६ लाख युरोंचं शुल्क बुडवलं. २०१२ मध्ये त्याला ६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती २ वर्षांवर आली.

मधात तर हा खेळ पद्धतशीर झाला. अमेरिकेने डिसेंबर २००१ मध्ये चिनी मधावर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं, म्हणजे घरच्या बाजारापेक्षा किंवा खर्चापेक्षा कमी भावात माल ओतल्याबद्दलचं जादा शुल्क. काही निर्यातदारांसाठी ते जाहीर किमतीच्या २२१ टक्क्यांपर्यंत होतं. मग तोच मध आधी आशियातल्या दुसऱ्या देशांत जाऊ लागला. तिथे पिंपांवरची लेबलं बदलायची, कागद बदलायचे आणि तो त्या देशाचा मध म्हणून पुढे पाठवायचा. मधातले परागकण पाहून तो कोणत्या भागातल्या फुलांचा आहे हे तज्ज्ञ सांगू शकतात, म्हणून परागकणही गाळून काढले जायचे. गाळून झाल्यावर उरतो एक स्वच्छ, सोनेरी द्रव, ज्याला गाव नाही. अमेरिकी तपास यंत्रणांनी या प्रकरणांत २००८ पासून अटका केल्या, आणि २०१३ मध्ये उघड केलेल्या एका टप्प्यात बुडवलेल्या शुल्काचा आकडा १८ कोटी डॉलर होता.

युरोपात एवढी खटपट करायचीही गरज पडत नव्हती, कारण कायद्यानेच सोय करून ठेवली होती. अनेक देशांचा मध एकत्र केला असेल, तर बाटलीवर "युरोपीय संघातील आणि संघाबाहेरील मधांचं मिश्रण" असं लिहिलं की भागायचं. नीट पाहिलं तर या वाक्याचा अर्थ होतो, पृथ्वीवरचा मध. त्यात संघाबाहेरचा ५ टक्के की ९५, कळायला मार्ग नाही. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी १४७ नमुने भेसळीचे असल्याचा संशय आला, म्हणजे ४६ टक्के. यानंतर नियम बदलले. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आणि जून २०२६ पासून लागू होणाऱ्या नियमानुसार मधाच्या लेबलवर देशांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने, टक्केवारीसह द्यायची आहेत.

ग्राहकाला हे सगळं खरंच हवं असतं का, अशी शंका पूर्वी घेतली जायची. कॅनडातल्या २०२५ च्या घडामोडींनी तिचं उत्तर दिलं. अमेरिकेने शुल्क लावल्यावर ४ मार्च २०२५ ला कॅनडाने ३० अब्ज कॅनेडियन डॉलरच्या अमेरिकी मालावर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं. त्यात संत्र्याचा रस आणि पीनट बटरही होतं. लोक दुकानात पाकिटं उलटून वाचू लागले. एका मोठ्या किराणा साखळीने शुल्कामुळे महागलेल्या वस्तूंच्या किमतीशेजारी "टी" हे अक्षर छापायला सुरुवात केली. आणि वाचायला लागल्यावर लोकांना कळलं की कॅनडाच्या झेंड्यावरच्या लाल मेपलच्या पानाचं चित्र म्हणजे काहीच हमी नव्हे. तिथल्या अन्न तपासणी संस्थेच्या नियमांत "कॅनडाचं उत्पादन" म्हणजे घटक, प्रक्रिया आणि मजुरी जवळपास सगळी कॅनडाची; मीठ-मसाल्यासारखे किरकोळ परके घटक २ टक्क्यांखाली असले तर चालतात. "कॅनडात बनवलेलं" म्हणजे शेवटची मोठी प्रक्रिया तिथली, घटक बाहेरचे असू शकतात, आणि तसं लेबलवर सांगावं लागतं. दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक, पण पैसे कोणत्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात हे त्यावर ठरतं. नुसत्या पानाच्या चित्रावर माल खपवण्याला लोकांनी "मेपलवॉशिंग" असं नावच देऊन टाकलं.

पाकीट हातात घेतल्यावर काय पाहावं? पुढची बाजू सोडून द्या. झेंडे, डोंगर, जुन्या गावाचं चित्र, परदेशी वळणाचं नाव, ही जाहिरात आहे. मागच्या बारीक अक्षरांतलं क्रियापद पाहा. "पिकवलेलं" किंवा "उत्पादन" हे "बनवलेलं" याहून जास्त सांगतं, "बनवलेलं" हे "पॅक केलेलं" याहून जास्त, आणि "वितरक" या शब्दापुढचा पत्ता मालाबद्दल काहीच सांगत नाही. तो कार्यालयाचा पत्ता असतो. ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवर पुढे एका देशाचा थाट आणि मागे मुदतीच्या तारखेजवळ तीन-चार देशांची आद्याक्षरं, असं बऱ्याचदा आढळतं. ती अक्षरं हेच खरं उत्तर.

बारकोडवर विसंबू नका. पहिल्या तीन आकड्यांवरून देश ओळखायची युक्ती मेसेजमधून फिरत असते, ६९० म्हणजे चीनमध्ये बनलेलं वगैरे. ते आकडे फक्त एवढंच सांगतात की कंपनीने आपला क्रमांक कोणत्या देशातल्या संस्थेकडून घेतला. तीच कंपनी दुसऱ्या खंडात माल बनवून त्यावर तोच बारकोड छापू शकते.

किमतीकडे पाहताना पाकिटाची किंमत बाजूला ठेवून किलोमागचा किंवा लिटरमागचा दर पाहा. शुल्काचा भार नेहमी किमतीत दिसत नाही. कधी तो वजनात लपतो, किंमत तीच आणि पाकिटात थोडा कमी माल. कधी घटकांत लपतो, महाग झालेलं तेल किंवा कोको कमी करून स्वस्त पर्याय घातला जातो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे ओळखीच्या वस्तूच्या यादीत क्रम बदललेला दिसला तर काहीतरी घडलंय हे समजावं.

उद्योगांचा आक्षेप ठरलेला आहे. पुरवठादार हंगामानुसार बदलतात, दर वेळी नवं लेबल छापणं परवडत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. पण माहितीच नसते, हे मात्र मला मान्य नाही. खेप सोडवताना आयातदाराला मूळ देश जाहीर करावाच लागतो, कारण शुल्काचा दर त्यावरही ठरतो. व्यापार कराराची सवलत हवी असेल, तर मूळ देशाचा दाखलाही जोडावा लागतो. म्हणजे सरकारला आपला वाटा घ्यायचा असतो तेव्हा मूळ देश नेमका सापडतो आणि ग्राहकाला सांगायची वेळ आली की तो हरवतो. हे हरवणं माझ्या मते टाळता येण्यासारखं आहे.

ऑस्ट्रेलियाने ते टाळून दाखवलं आहे. २०१५ मध्ये आयात केलेल्या गोठवलेल्या बेरींमधून तिथे हिपॅटायटिस ए पसरला आणि लोकांनी लेबलबद्दल जाब विचारला. जुलै २०१८ पासून देशात पिकवलेल्या, बनवलेल्या किंवा पॅक केलेल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर एक आडवी पट्टी सक्तीची झाली. ऑस्ट्रेलियन घटक किती टक्के आहेत, तितकी ती भरलेली दिसते आणि शेजारी आकडाही असतो. हंगामानुसार घटक बदलतात त्यांच्यासाठीही वाट काढलेली आहे. उत्पादकाने सरासरी टक्केवारी द्यायची, घटकांचे स्रोत बदलते आहेत हे लिहायचं, आणि हातातल्या पाकिटाचा नेमका तपशील विचारता येईल असा फोन नंबर किंवा वेबसाइट छापायची.